साठचा उजेड

आमच्या दुकानातून बल्ब कधी न पेटवता बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाइकानं मागितला की खोक्यातून काढायचा, पुठ्ठा सरकवायचा, काउंटरवर ठोकलेल्या फळीच्या होल्डरमध्ये दाबून फिरवायचा आणि बटण खाली करायचं. पेटलेला दोघांनी पाहायचा, मग पैसे घ्यायचे. माझे सासरे, ज्यांना सगळं विटा गाव आप्पा म्हणायचं, यात आणखी एक करायचे. बल्ब लगेच बंद न करता मनातल्या मनात दहा अंक मोजायचे आणि काचेला उलटा हात लावायचे. "तापला बघा," म्हणायचे. गिऱ्हाईक समाधानानं मान हलवायचं. तापला म्हणजे माल अस्सल.

१९९८ साली आप्पांचे गुडघे गेले आणि मी दुकानात बसायला लागले. माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. विजेचं म्हणून जे काही ज्ञान माझ्याकडं आलं ते आप्पांच्या तोंडून आलं, आणि ते तीन ओळींत मावणारं होतं. चाळीसचा न्हाणीला, साठचा खोलीला, शंभरचा पडवीला नि गोठ्याला. वॅट जास्त तेवढा उजेड जास्त. आणि झीरोच्या बल्बला बिल येत नाही. या तीन ओळींवर मी जवळजवळ अठरा वर्षं गल्ला सांभाळला. त्यातली एकही धड खरी नव्हती. हे मला एकदम कळलं नाही, आणि कळल्यावरही मी लगेच कबूल केलं नाही. शिवाय कबूल केल्यावर मी जी चूक केली ती आधीच्या चुकीपेक्षा मोठी होती. त्यामुळं सगळं क्रमानं सांगते.

एलईडी बल्ब पहिल्यांदा एका कंपनीचा माणूस नमुन्याला घेऊन आला. त्यानं तो आमच्या फळीवर लावला आणि मी सवयीनं उलटा हात लावला. थंड. "हा तापतच नाही की," मी म्हटलं. "तेच तर सांगायला आलोय, मॅडम," तो म्हणाला. मी खोक्यावरचा आकडा वाचला, नऊ वॅट, आणि मला खरोखर हसू आलं. आमच्याकडं पंधराचा बल्ब लोक रात्री उठल्यावर उंबरा दिसावा म्हणून लावतात. नऊनं काय उजेड पडणार? त्यानं काही न बोलता छताकडं बोट केलं. छत, फळ्या, वायरची बंडलं, सगळं लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "दिसतोय, पण पडत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. पुढची दोन वर्षं मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. जानेवारी २०१५ मध्ये एलईडी बल्बांची सरकारी उजाला योजना सुरू झाली, पुढं घरोघर ते पांढरे बल्ब दिसायला लागले, तरी मी काउंटरवर बसून तेच म्हणत होते. आता विचार केला तर त्या वाक्यात एक कणभर खरं होतं. ते सुरुवातीचे बल्ब निळसर पांढरे असायचे आणि भाकरीच्या तव्यापाशी, जेवणाच्या ताटावर तो रंग मला नको वाटायचा. आमटी आजारी दिसायची. पण नावडत होता रंग, आणि मी दोष देत होते वॅटला. रंगाचं म्हणणं मांडायला लाज वाटली असेल. दुकानदारानं आकड्यात बोलावं असं आप्पांनी शिकवलं होतं ना.

मला पहिला धक्का दिला तो वाडीवरच्या एका तात्यांनी. ते मोटारीच्या स्टार्टरची कॉइल न्यायला आले होते. बोलता बोलता एलईडीचा विषय निघाला आणि मी माझं वाक्य टाकलं. तात्यांनी तंबाखूची चिमूट आत ठेवली, थोडं थांबले.

"वहिनी, माझी पाच एचपीची मोटार विहिरीवर हाय. धाकट्याची बी पाचचीच, पण बोअरवर, चारशे फुटावर. पाणी सारखंच पडंल का?"

"कसं पडेल?"

"मग वॅटवरनं उजेड किती ते कसं सांगताय?"

मी कॉइलचे पैसे घेतले आणि गप्प बसले. पाच एचपी म्हणजे मोटारीचा जोर, हे मीच रोज दहा जणांना सांगत होते. 'पाच एचपी पाणी' असं कुणी म्हणत नाही. पाणी किती ते पायपाखाली बादली धरल्यावर कळतं. आणि तरी 'साठचा उजेड' मात्र आम्ही बेधडक म्हणत होतो, दुकानदारही आणि गिऱ्हाईकही. एचपी नि वॅट एकाच घरातले, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ज्याच्या नावावर वॅट आहे तो जेम्स वॅट वाफेच्या इंजिनवाला. घोडा किती काम ओढतो याच्याशी इंजिन ताडून पाहणारा माणूस. तो १८१९ मध्ये वारला आणि एडिसनचा दिवा १८७९ मधला, म्हणजे मध्ये साठ वर्षं. त्याचं नाव या मापाला १८८२ मध्ये सुचवलं गेलं. त्या नावात उजेड शोधायला जाणं हा आमचाच भाबडेपणा.

बादली मात्र आधीपासून खोक्यावर छापलेली होती. बारीक अक्षरात ल्युमेन. मी तो शब्द कधी वाचलाच नव्हता. वाचायला लागल्यावर दिसलं की नऊ वॅटच्या एलईडीवर आठशे ते नऊशेच्या आसपासचा आकडा असतो. आमचा साठचा पिवळा बल्ब देतो सातशेच्या आसपास. म्हणजे नऊवाला साठवाल्याच्या पुढं. मला हे पटायला छापलेला आकडा पुरेसा नव्हता, कारण छापील आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे दुकानदाराला चांगलं माहीत असतं.

लेक तेव्हा दहावीत होती. तिनं शाळेत कुठंतरी ऐकलं होतं की बुन्सेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तेलाचा डाग पाडलेल्या कागदानं दोन दिव्यांची तुलना केली होती. आमच्याकडं तसले कागद रोज येतात, समोरच्या गाड्यावरची भजी बांधून. एका रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही काउंटरच्या एका टोकाला साठचा लावला, दुसऱ्या टोकाला नऊचा, आणि मध्ये तो कागद उभा धरला. नऊच्या बाजूनं पाहिलं तर डाग काळपट दिसत होता, कारण त्या बाजूनं पडणारा उजेड डागातून पलीकडं निसटत होता. पलीकडून पाहिलं तर तोच डाग उजळ. कागद हळूहळू सरकवत गेलं की एक जागा येते तिथं डाग दिसेनासाच होतो. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की तेलाचा नि कोऱ्या कागदाचा फरकच उरत नाही. मला वाटलं होतं की ती जागा नऊच्या नाकाशी असेल. डाग पुसला गेला तो मधल्या रेघेच्या अलीकडं, साठच्या बाजूला. म्हणजे बरोबरीला यायचं तर साठच्या जवळ जावं लागत होतं. लेकीनं पट्टी लावून अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "पुन्हा कर." तिनं पुन्हा केलं. मग म्हटलं, "बल्ब बदलून कर." तिनं बदलूनही केलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आधी तिनं कागद माझ्याच हातात दिला.

मग ती मला समजावायला लागली आणि मी, जिनं तिला बल्ब या शब्दासकट वाढवलं, शिकायला लागले. पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार उजेड देते ती तापून. साधारण अडीच हजार अंशांपर्यंत ती तापते, आणि एवढी तापूनही घेतलेल्या विजेतला पाच टक्क्यांच्या आसपासच भाग डोळ्यांना दिसणारा उजेड होतो. बाकीची सगळी ऊब. तार आणखी तापवली तर उजेड वाढेल, पण टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून तार झिजायला लागते, म्हणून बल्ब हजार तासांच्या बेतानं बनवतात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून लागलेला आहे. लोक तो दाखवून म्हणतात, बघा, जुना माल. पण तो आता जेमतेम चार वॅट घेतो नि निखाऱ्यासारखा मंद दिसतो. असा टिकाऊ बल्ब मी काउंटरवर ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी परत आला असता.

एलईडीला उजेडासाठी तापावंच लागत नाही. आतला छोटा तुकडा निळा उजेड देतो, त्यावरचा पिवळा लेप त्यातला काही उजेड पिवळा करतो, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. तो निळा रंग जमवण्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे मी ज्याला 'दिसतोय, पण पडत नाही' म्हणत होते तो उजेड तेव्हा नुकताच नोबेल घेऊन आला होता.

आता ती फळी. आमच्या फळीवर दोन होल्डर आहेत. एक सरळ, दुसरा सिरीजचा. सिरीजमध्ये कायम एक शंभरचा बल्ब लावलेला असतो. दुरुस्तीला आलेली इस्त्री, मिक्सर त्याच्या मागं जोडून पाहायचे. शंभरचा पूर्ण पेटला तर समजायचं, वस्तूत शॉर्ट आहे. लेकीच्या पुस्तकातला विजेचा धडा चालला होता. तिनं इस्त्रीच्या जागी चाळीसचा बल्ब लावला. चाळीसचा बऱ्यापैकी पेटला. शंभरच्या आत नुसती लालसर रेघ. "आई, आता जास्त वॅट कुणाचा आणि जास्त उजेड कुणाचा?"

हे मी अठरा वर्षं बघत आले होते. शपथेवर सांगते, त्या फळीवर लहान बल्ब तपासताना शेजारचा शंभरचा मान टाकतो, हे रोजचं होतं. कधी विचारलं नाही, का. चाळीसची तार बारीक, तिचा रोध तेराशे ओहमच्या पुढं. शंभरची जाड, तिचा सव्वापाचशेच्या आसपास. एकामागं एक जोडले की दोघांतून धार सारखीच जाते, मग जिथं अडवणूक जास्त तिथं तापणं जास्त. शंभर हा आकडा त्या बल्बच्या अंगचा नाहीच. २३० व्होल्ट दिलेत तर मी शंभर घेईन, असा तो करार आहे.

आणि वाडीवर २३० व्होल्ट कधी होते? ही गोष्ट मला सगळ्यात लागली. डीपीपासून लांबच्या वस्तीवर, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर यायचा. तिथली माणसं येऊन म्हणायची, "काकू, लायटीला दमच न्हाई, शंभरचा द्या." मी शंभरचा द्यायचे, कधी दोनशेचाही. व्होल्टेज पाव भागानं उतरला की पिवळ्या बल्बचा उजेड पाव भागानं उतरत नाही, तो धाडकन तिसऱ्या हिश्श्यावर येतो, कारण तार थंड पडली की ती आणखीच लालसर होते नि उरलीसुरली वीजही उबेतच जाते. हिशेब केला तर १७० वर शंभरचा बल्ब साठेक वॅट घेतो आणि धड व्होल्टेजवरच्या चाळीसएवढा उजेड देतो. म्हणजे ती माणसं बिल भरत होती साठचं, अंधारात बसत होती चाळीसच्या, आणि बल्बचे पैसे मोजत होती शंभरच्या. वर पहाटे मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज वर उसळला की बल्ब उडायचा, आणि आठवड्यात तेच गिऱ्हाईक पुन्हा माझ्यासमोर. यात माझी काही लबाडी नव्हती. पण फायदा माझाच होत होता, हेही खरं.

झीरोच्या बल्बचं थोडक्यात सांगते. सासूबाईंच्या देवघरात लाल झीरो चोवीस तास. वॅट दाखवणारं छोटं मीटर होतं, ते मध्ये लावलं तर आकडा आला पंधरा. महिन्याला जवळजवळ अकरा युनिट. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्या ओझ्याला चकतीची एक फेरी व्हायला कित्येक मिनिटं लागत, डोळ्यांना ती थांबल्यासारखी दिसे, म्हणून 'झीरो'. आप्पांची तिसरी ओळ अशी गेली. ट्यूबलाइटच्या पट्टीतला तांब्याचा जाड चोकही तसाच चोर. पट्टीवर चाळीस लिहिलेलं, आणि चोक आपले दहा-पंधरा वॅट गुपचूप वेगळे खाणार.

एवढं कळल्यावर माणूस शहाणा होतो असं नाही. मी एलईडीची प्रचारक झाले. काउंटरवर साठचा नि नऊचा शेजारी शेजारी लावून ठेवले. गिऱ्हाइकाला भज्याचा कागद दाखवायचे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडवाले आमच्याकडं पुष्कळ. तिथं दिवस मावळल्यावरही दिवे लागतात, कारण दिवसाचे सोळाएक तास उजेड मिळाला तर कोंबडी अंडी टिकवून देते. एका शेडला साठचे चाळीस बल्ब होते. मी ते सगळे नऊचे करायला लावले. २४०० वॅट होते ते ३६० झाले. रोज चार तास धरले तर साडेनऊ युनिटांच्या जागी दीड. बिल घेऊन मालक पेढे द्यायला आले. त्या पेढ्यांनी माझं डोकं फिरवलं असं मी आता म्हणते.

मग एक पोरगा आला, याच शेडवाल्याचा भाचा. पुण्यातली नोकरी सोडून आलेला. तीनशे पिल्लं आणणार होता, एक दिवसाची. जानेवारी होता. त्याच्या हातात यादी होती आणि यादीत शंभरचे सहा बल्ब. मी यादी वाचली आणि हसले. "सहाशे वॅट जाळणार? रात्रभर?"

"शेजारच्यांनी सांगितलंय, काकू. ब्रूडरला एवढे लागतात म्हणाले. पिल्लामागं दोन वॅट."

"शेजारच्यांना सवय आहे शंभरची. मामांना विचार माझा हिशेब." आणि मी त्याला नऊचे सहा दिले. चोपन्न वॅटमध्ये काम. उजेड थोडा कमी पडेल, पण पिल्लांना काय वाचन करायचंय? हा विनोदही मी केला. तो हसला आणि सहा खोकी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोटारसायकलवरून मी त्याच्या शेडवर गेले, कारण त्यानं दुकानात येऊन फक्त "काकू, जरा चला" एवढंच म्हटलं होतं. पत्र्याचा गोल चिकगार्ड, खाली भाताचा तूस, त्यावर वर्तमानपत्रं. वर सहा दिवे, लख्ख. त्या लख्ख उजेडात तीनशे पिल्लं एका कडेला पत्र्याशी ढीग करून होती. खालची दिसत नव्हती, वरची आत शिरायला बघत होती. मधली सगळी जागा रिकामी. आवाज तर असा, की पिल्लांची चिवचिव मला त्या दिवसापर्यंत गोड वाटायची. कोपऱ्यात एका टोपलीत मेलेली ठेवली होती, ढिगाखाली गुदमरलेली. सव्वीस. त्यानं मला ती मोजून दाखवली नाहीत, मीच मोजली.

शेजारच्या शेडवाले बाबा तिथं आलेले होते. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "पयल्या आठवड्यात पस्तीस अंश लागतंय पिल्लाला. थंडी वाजली की ढीग करतंय, गरम झालं की पत्र्याला पसरतंय, बरं असलं की सगळीकडं सारखं बसतंय. मीटर-बिटर काय लागत न्हाई." मग त्या पोराला म्हणाले, "जा, शंभरचे आण."

त्यानं ते आणले. माझ्याच दुकानातून, माझ्या मागच्या फळीवरून, ज्यांच्यावर धूळ बसली होती. तासाभरात ढीग सुटायला लागला.

माझा हिशेब चुकला नव्हता, हेच वाईट. उजेडाचा हिशेब बरोबर होता. पण ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्याला दिसतं तेवढंच मोजतं. पिवळ्या बल्बमधून बाहेर पडणारी जी ऊब आम्ही वाया गेलेली धरली होती ती त्या मापात येतच नाही, आणि पिल्लांना नेमकी तीच हवी होती. त्या गोल पत्र्यात सहाशे वॅटची शेगडी असायला पाहिजे होती. मी दिली चोपन्नची. स्वस्थ बसलेला माणूस अंगातून साधारण शंभर वॅट ऊब टाकत असतो. म्हणजे मी स्वतः जाऊन त्या चिकगार्डमध्ये रात्रभर बसले असते, तरी माझ्या सहा बल्बांपेक्षा पिल्लांना जास्त ऊब मिळाली असती.

सव्वीस पिल्लांचे पैसे मी द्यायला गेले. त्यानं घेतले नाहीत, आणि ते मला पैशापेक्षा महाग पडलं.

नंतर लेकीनं एक मजेशीर गोष्ट वाचून दाखवली. युरोपात २००९ पासून शंभरच्या पिवळ्या बल्बांची विक्री बंद व्हायला लागली, तेव्हा जर्मनीतल्या एका इंजिनिअरनं २०१० मध्ये तेच बल्ब 'हीटबॉल' या नावानं विकायला काढले. म्हणाला, हा दिवा नाही, छोटा हीटर आहे, उजेड पडतो तो चुकून. तिला वाटलं मी हसेन. मी म्हटलं, त्याला इकडं पोल्ट्रीला पाठव.

आप्पांचा उलटा हातही मग मला वेगळा दिसायला लागला. तापला म्हणजे माल अस्सल, हे ते दिव्याबद्दल म्हणायचे तेव्हा चूक होतं. पण आमचे कितीतरी बल्ब दिवे म्हणून जातच नव्हते. कुणी थंडीत करडांच्या खुराड्यात लावायला न्यायचं, कुणी अंडी उबवायच्या पेटीत, कुणी पावसाळ्यात कपाटाला बुरशी लागू नये म्हणून. मी सगळ्यांना एकच विचारत होते, किती वॅटचा? आधीही तेच आणि शहाणी झाल्यावरही तेच.

पुढच्या थंडीत तो पोरगा पुन्हा आला. या वेळी यादी नव्हती. उजेडाला नऊचे दोन म्हणाला, आणि उबेला अडीचशेचे लाल इन्फ्रारेड दोन, चिनी मातीच्या होल्डरसकट, कारण साधा होल्डर त्या उबेनं वितळतो हे त्याला आता माहीत होतं. मी काही सुचवलं नाही. लाल बल्ब खोक्यातून काढला. तो आमच्या फळीवरच्या होल्डरला बसत नाही, म्हणून त्याचाच होल्डर वायरीला जोडला, वर खिळ्याला टांगला आणि बटण खाली केलं.

माझा हात काचेकडं जायच्या आत त्यानं आपला हात पुढं केला, पण काचेला लावला नाही. बल्बच्या खाली दीड फुटावर तळवा आडवा धरला. "इथं बसणार ती," म्हणाला, आणि तळवा थोडा खाली नेला, थोडा बाजूला नेला, परत मध्ये आणला. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यातल्या एकाला नुसता पिन-टॉप हवा होता. मी बटण बंद केलं नाही.